सहावीची बैठक

चर्चापद्धतीचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं उठतं. ट्रेनिंगहून नव्याने आलेली मास्तरमंडळी कधीमधी माझ्याकडे येऊन बसतात आणि मुलांना गोल बसवून बोलतं कसं करायचं ते मला समजावून सांगतात. तुमच्या काळी हे नसेल, असंही वर म्हणतात. मी मान हलवतो आणि चहा पुढे करतो. आमच्या काळी हे होतं. मी स्वतः केलं, मनापासून केलं, आणि त्यापायी एका पोरीची सातवी घालवून बसलो. हे चहा पिता पिता सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

मी नंदुरबारच्या बाजूचा, धानोऱ्याजवळच्या एका खेड्यातला. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलायचो. शुद्ध मराठी शाळेने शिकवली आणि पुढे पोटाला तीच उपयोगी पडली. धुळ्याला ट्रेनिंग पुरं केलं तेव्हा तापी ओलांडून म्हसावदच्या अंगाला असलेल्या एका गावात मला मुख्य मास्तर म्हणून नेमलं. शाळा सहावीपर्यंत, मास्तर आम्ही तिघं. गाव पाण्याचं, जमीन काळी, घरं खाऊनपिऊन सुखी. उणीव एकच होती, सातवीचा वर्ग नव्हता. सातवी म्हणजे फायनलची परीक्षा, आणि फायनल झाली की मास्तरकी, तलाठ्याचं काम, काहीतरी हाताशी येई. ज्याला सातवी करायची त्याने शहाद्याला कुणाकडे तरी राहायचं, अशी रीत होती. मुलीने जाण्याचा प्रश्न कधी आलाच नव्हता, कारण सहावीपर्यंत कुणी मुलगी टिकलीच नव्हती.

माझ्या दुसऱ्या वर्षी एक टिकली. बऱ्यापैकी जमीन असलेल्या घरातली थोरली मुलगी. सहावीत अकरा मुलगे आणि ही एकटी. बोलणं मोजकं. प्रश्न विचारला की इतर मुलं पाठ केलेलं धडाधड ओकायची, ही मात्र थांबायची, पाटीकडे बघत राहायची आणि उमगलं तरच तोंड उघडायची. कधी कधी इतकी थांबायची की मीच चिडायचो. तिला मास्तरीण व्हायचं होतं. हे तिने मला कधी सांगितलं नाही, माझ्या बायकोजवळ बोलली होती. तिच्या बापाला मी चाचपून पाहिलं तेव्हा त्याने सरळ हिशेब मांडला, "गावमा सातवी निघनी तर शिकू देसू. शहादाले नही." गावात सातवी निघाली तर ती शिकणार, नाही तर पाटी फडताळावर जाणार. इतकं ते उघड होतं.

सातवीचा वर्ग मागणारा अर्ज मी तालुक्याला धाडला. उत्तर आलं की हिवाळ्यात तपासणीला दिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, येतील, त्यांचा शेरा चांगला पडला तर विचार होईल. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर आलं. आणि त्या दिवशी दाखवायला माझ्याकडे एकच नवलाईची गोष्ट होती, ती म्हणजे चर्चा.

ट्रेनिंगमध्ये आमचे एक व्याख्याते होते. शिकवू नका, बोलतं करा, असं ते आम्हांला दर आठवड्याला बजावत. मास्तराने फळ्यापासून दूर उभं राहावं, मुलांनी आपसांत वाद घालावा, चुकावं, एकमेकांना सुधारावं, आणि उत्तर त्यांच्यातूनच निघावं. मला ते फार पटलं होतं. मी स्वतः लहानपणी छडीच्या धाकाने पाढे म्हणत वाढलो. ‘का’ हा शब्द मी शाळेत सात वर्षांत एकदाही उच्चारला नव्हता. माझ्या वर्गातल्या मुलांनी तो उच्चारावा, याची मला ओढ होती. त्या ओढीत खोट नव्हती, हे आज स्वतःवर कितीही चिडलो तरी मला म्हणावं लागतं.

पहिल्या दिवशी बारा जणांना गोल बसवलं आणि गावाला बाजार कशासाठी लागतो, हा प्रश्न दिला. धुळ्याला याच प्रश्नावर आम्ही मोठी माणसं तासभर भांडलो होतो. इथे कुणी तोंड उघडेना. सगळे एकाच मुलाकडे बघत बसले. तो वर्गातला सर्वांत लहानखुरा, टोपी कानांवर येणारा, पण नात्याने काका. गावातली निम्मी घरं एकाच भाऊबंदकीची. हा थोरल्या घरातला शेंडेफळ, म्हणून वर्गातल्या सात-आठ जणांचा काका लागायचा. त्याच्याहून वीतभर उंच पोरं त्याला काका म्हणून हाक मारत. ती मुलगीही त्याची पुतणीच, वयाने त्याच्याहून वर्षभर मोठी असून. काका बोलण्याआधी पुतण्यांनी बोलायचं नाही आणि काका बोलल्यावर बोलायला काही उरत नाही, असा सगळा मामला. त्या दिवशी काकाने बराच वेळ विचार करून गावाला मीठ लागतं म्हणून बाजार लागतो, असं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा संपली.

मी नाना तऱ्हा करून पाहिल्या. काकाला पाणी आणायला पाठवलं तर बाकीचे तो परत येईपर्यंत गप्प बसून राहिले. त्याला दुसऱ्या कोपऱ्यात बसवलं तर सगळे माना वळवून तिकडे बघू लागले. मी संतापायचो, मुलं घाबरायची, आणि घाबरली की उरलीसुरली वाचा बसायची. खरं तर मला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. माझ्या स्वतःच्या घरी वडील बोलत असताना मी कधी मध्ये बोललो नव्हतो, आणि वडिलांचे काका बोलल्यावर वडीलही बोलत नसत. पण ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्या माणसाला आपलं घर आठवत नाही.

शेवटी मला वाटलं, प्रश्नच असा द्यावा की त्यांना राहवणार नाही. शेतकऱ्यांची पोरं, म्हणून मी विचारलं की चांगला बांध कसा ओळखावा. आणि खरंच तोंडं उघडली. कुणाचा बांध उंच, कुणाचा फुटतो, कुणाच्या बांधावर बाभळी माजल्यात, सगळं बाहेर आलं. मी खूश होऊन खिडकीशी उभा राहिलो. तेवढ्यात एकाने दुसऱ्याला सुनावलं की तुझा बाप दर पेरणीला नांगराचं एक तास आमच्या शेतात सरकतो. मग दुसऱ्याने पहिल्याच्या आजोबांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचे बाप शाळेच्या ओसरीवर हजर. आधी ते एकमेकांवर ओरडले, मग दोघं मिळून माझ्यावर. "आम्ही पोरे शिकाले धाडतस, बांध कोराले नही," असं त्यांतला एक म्हणाला.

गावातल्या एका जुन्या पंचाने ते मिटवलं. म्हातारा शांत होता, त्याला माझी दया आली असावी. दोघांना घरी लावून दिल्यावर तो ओसरीवर टेकला आणि मला म्हणाला की तुमची पोरं बसतात तशीच आम्हीही बसतो, पण आमच्या बसण्याला वळण आहे. "बठकमा कोनी काय बी बोलो. ठरनं म्हंजे ठरनं. बाहेर एकच तोंड." लहानांनी आधी बोलायचं, जाणत्याने शेवटी. जाणता जे धरील ते सगळ्यांचं. बैठकीत कोण काय बोललं ते पुन्हा काढायचं नाही, आणि ठरल्यावर कुणी फुटायचं नाही. जो फुटला त्याला पुढच्या बैठकीत कुणी विचारत नाही.

मला वाटलं, देवच भेटला. दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात माझ्या उत्तम अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि त्या कुणाला पुसू दिल्या नाहीत. चर्चेत सर्वांनी बोलावे. एकदा ठरले की सर्वांचे उत्तर एक. काकाला सांगितलं की तू शेवटी बोलायचं. त्याने ते असं मान्य केलं, जसं काही इतके दिवस मीच चुकत होतो.

आणि चर्चा चालू झाली. बारीकसारीक पोरंसुद्धा बोलायला लागली, कारण शेवटी काका सावरून घेणार हे माहीत होतं. मुलगीही बोलायला लागली. आधी एखादं वाक्य, मग दोन, मग एकदा तर तिने एका मुलाचं बोलणं मध्येच तोडलं. भांडण घरी जाईना. सहायक मास्तर दारात उभे राहून बघत आणि मान हलवत. मी धुळ्याला व्याख्यात्यांना पत्रसुद्धा लिहिलं की पद्धत आपल्याकडे लागू पडली. काकाला मी वठणीवर आणला, असा माझा समज होता. मी त्याला न्यायाधीश करून ठेवला होता, हे दिसण्याएवढी नजर मला नव्हती.

दिपोटी पौषात आले. शहाद्याहून बैलांच्या दमणीतून, गळ्याला मफलर, पुण्याकडचे गृहस्थ, बोलायला सौम्य. शाळेच्या मागेच विहीर होती. नुकत्याच काढलेल्या बादलीने त्यांनी हातपाय धुतले आणि पाण्याची वाफ बघून त्यांना गंमत वाटली. वर्गात आल्यावर मी चर्चेचं सांगितलं, तर ते म्हणाले की छान, मग यावरच होऊ द्या. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट का लागतं? मला मनातून उकळ्या फुटल्या. प्रश्न पुस्तकात नव्हता, पण ही पोरं रोज पहाटे पाणी शेंदणारी. यापेक्षा सोयीचा प्रश्न मी स्वतःही निवडला नसता.

गोल बसला. पोरं अहिराणीत बोलू लागली, ती साहेबांना अर्धीमुर्धी कळत होती. ते सहायक मास्तरांबरोबर भिंतीवरचा नकाशा बघत हिंडत होते. मी गोलाच्या मागे उभा होतो. एकाने सांगितलं की विहिरीत देव राहतो. एकाने सांगितलं की खाली दगड तापलेले असतात. मग ती मुलगी बोलली, नेहमीसारखी थांबून थांबून. "पाणी जसं शे तसंच ऱ्हास. आपला हात थंडा पडी जातस, म्हनीसन ते ऊनं लागस." पाणी आहे तसंच असतं, आपले हात गार पडलेले म्हणून ते ऊन लागतं. आणि तिने पुढे सांगितलं की ती रोज करून बघते, चुलीशी हात शेकून लगेच त्याच बादलीत घातले तर तेच पाणी गार लागतं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी शिकवलेलं नव्हतं, पुस्तकात नव्हतं. भल्या पहाटे घरचं पाणी भरताना त्या पोरीने स्वतःच्या हातांनी हे शोधलं होतं. सातवी आली, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

मग काका बोलला. सूर्य रात्री जमिनीच्या खाली जातो. हिवाळ्यात रात्र मोठी असते, म्हणजे सूर्य खाली जास्त वेळ राहतो, म्हणून खालचं पाणी तापतं. बोलून झाल्यावर त्याने टोपी सारखी केली. त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. कुठल्याही हुशार पोराने बांधावं तसं त्याने ते बांधलं होतं, आणि सूर्य, रात्र, पाताळ अशी ऐसपैस असल्यामुळे ती मांडणी पोरांना हात शेकण्यापेक्षा भारी वाटली. मुलीने एकदा वर बघितलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण जाणता बोलून गेला होता. तिने मान खाली घातली आणि उत्तर ठरलं.

मी मध्ये पडायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण साहेब दोन हातांवर होते आणि मास्तराने मध्ये पडू नये हा पद्धतीचा पहिला नियम, तो मीच त्यांना सकाळी अभिमानाने सांगितला होता. मी मागे सरकून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

ठरल्याप्रमाणे एका मुलाने उभं राहून शुद्ध मराठीत सूर्याचं उत्तर सांगितलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. कुणाचं काही वेगळं मत आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही. तुझं? नाही. तुझं? नाही. बाराही जण एकामागून एक नाही म्हणाले असते, पण मुलीपाशी ते जरा थांबले. एकटी मुलगी, म्हणून त्यांना कौतुक होतं. अगदी मायेने त्यांनी विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं, सांग बघू.

तिने माझ्याकडे बघितलं. साहेबांच्या मागे उभं राहून जेवढी हलवता येते तेवढी मान मी हलवली. सांग, सांग. ती फळ्याकडे बघत राहिली, आणि मग पुस्तकी मराठीत, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "आमच्या सर्वांचे हेच ठरले आहे."

जेवणं झाल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. मी त्यांना खलनायक करायला तयार आहे, पण ते तसे नव्हते. ते म्हणाले की उत्तर चुकलं याचं मला काही नाही, सहावीच्या मुलांनी इथे चुकावंच. "वेगवेगळी चुकली असती तर मी आज तुम्हाला सातवी देऊन गेलो असतो. बारा मुलं एकच चूक एकाच शब्दात कशी करतात, मास्तर?" मी सांगायला लागलो की त्या मुलीला खरं उत्तर येत होतं, मी कानांनी ऐकलं. ते हसले. सगळेच मास्तर असं सांगतात, असं ते हसणं होतं. शेऱ्यात त्यांनी लिहिलं की मुले स्वतंत्र विचार करीत नाहीत, चर्चेच्या नावाखाली पाठांतर चालते, सातवीचा विचार तूर्त करू नये. दमणी गेली आणि मी वर्गावर परत गेलो.

संध्याकाळी शाळा सुटताना मी तिला थांबवलं. राग आवरला नाही. तुला ठाऊक होतं ना, मग त्या भल्या माणसाने इतकं विचारलं तेव्हा तोंडात काय धरलं होतंस, असं बरंच काही बोललो. तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. ती म्हणाली, "तुम्हीच सांगेल शे ना गुर्जी, ठरनं म्हंजे फुटानं नही." मग तिने मला विचारलं की साहेब पुन्हा कधी येणार. मी म्हणालो, पुढच्या वर्षी. तिने मान हलवली आणि पाटी छातीशी धरून गेली. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोने कारण विचारलं तर तिच्यावरही खेकसलो. दुसऱ्या दिवशी वर्ग भरण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यातल्या त्या दोन ओळी ओल्या फडक्याने पुसल्या. त्या इतके महिने राहिल्या होत्या की पुसूनही वाचता येत होत्या.

सातवी पुढे त्या गावात निघाली, पण तीन वर्षांनी. तोवर तिचा उपयोग त्या पोरीला नव्हता. मी मात्र इतक्यात हार मानणार नव्हतो. सहावीचा निकाल लागला, ती पहिली आली, आणि एका रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेलो. शहाद्याला माझी मेव्हणी राहायची, माणसं सज्जन, घर शाळेजवळ. पोरीला तिच्याकडे ठेवू, असं मी ठरवून गेलो होतो. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती.

बाप ओट्यावरच होता. मी विषय काढला तसा तो मला लगेच नाही म्हणाला नाही. त्याने दोघा भावांना शेतातून बोलावणं पाठवलं. थोरली बहीण, म्हणजे पोरीची आत्या, आतून आली आणि भिंतीशी टेकून बसली. पोरीचा मामा आदल्या दिवशी खांडबाऱ्याचा बाजार करून मुक्कामाला आला होता, तोही बसला. एवढंच काय, सालदार गड्याला गोठ्यातून हाक मारून खाली पायरीशी बसवलं. आणि मग त्या ओट्यावर जे झालं ते मी वर्गात कधी घडवू शकलो नव्हतो. आत्या पहिली बोलली, ती चक्क माझ्या बाजूने. ती म्हणाली की मी विधवा झाले तेव्हा मला दोन अक्षरं येत असती तर बरं झालं असतं. बापाचा धाकटा भाऊ म्हणाला की शहाद्याला आपली पोर दुसऱ्याच्या घरी भांडी घासेल. मी म्हणालो, मेव्हणी तशी नाही. मामाने विचारलं की फायनल झाल्यावर नोकरी कुठे मिळेल, आणि ती लांब असली तर? मी म्हणालो, मी जवळ मिळवून देईन. सालदाराला विचारलं की दर शनिवारी गाडी जुंपून पोरीला आणणं जमेल का, त्याने थोडा विचार करून सांगितलं की पेरणीचे दोन महिने सोडले तर जमेल. मोठ्या भावाने पोरीच्या वयाचं काढलं, सोयरीक दारात येऊन उभी आहे, ती घालवायची का? आत्या त्याच्याशी भांडली. बापाने दोन्ही बाजू पुन्हा एकदा नीट मांडल्या, माझीसुद्धा, आणि ती माझ्यापेक्षा चांगली मांडली. कुणी कुणाला दटावलं नाही. प्रत्येकाचं ऐकून घेतलं. दोन तास झाले. पोर आतून दोनदा ताकाचे पेले घेऊन आली, देऊन गेली, आणि दाराच्या आत तुरीची डाळ निवडत बसली.

शेवटी बाप बोलला. शहाद्याला नाही. सोयरीक चांगली आहे, माणसं माहितीतली आहेत. गुरुजींनी एवढी तसदी घेतली, त्यांचे उपकार आहेत. आत्याने पदर सावरला आणि ती उठून आत गेली, आता तिलाही काही म्हणायचं नव्हतं. भाऊ शेतात परतले, सालदार गोठ्यात गेला. मी चपला घातल्या.

रस्त्याला लागलो तेव्हा डोकं भणभणत होतं. बापाला, मामाला, त्या पुण्याच्या साहेबाला, धुळ्याच्या व्याख्यात्याला, टोपीवाल्या काकाला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देत मी मारुतीच्या पारापर्यंत आलो. आपल्याकडून काय राहिलं, कुठला मुद्दा मांडायला हवा होता, हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवत होतो. फी, गाडी, घर, नोकरी, सोयरीक, सगळं बोलून झालं होतं. आणि मग पारापाशीच माझे पाय थांबले. त्या ओट्यावर सगळे बोलले होते. आत्या बोलली, सालदार बोलला, मी तर सर्वांत जास्त बोललो. पोर दारात बसलेली होती, हाक मारली तर ओ देता येईल एवढ्या अंतरावर, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. त्या दोन तासांत ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मागे वळून बघितलं. घर दिसत होतं. ओटा रिकामा झाला होता आणि ती खाली वाकून पेले गोळा करत होती. जाऊन विचारावं, सगळ्यांच्या देखत विचारावं, असं फार मनात आलं. शंभर पावलंसुद्धा नव्हती. पण बैठक उठली होती, बाप शब्द बोलून चुकला होता, आणि आता परत जाऊन पोरीला विचारणं बरं दिसलं नसतं. मी शाळेकडे चालू लागलो.